भाजी धुवायचं ओझोन मशीन: जंतूंसाठी ठीक, हेवी मेटलसाठी शून्य

पाचपैकी दोन स्टार देतेय. दोन कशाचे दिले आणि तीन का कापले ते सगळं लिहिते, मोठं होईल पण वाचा, कारण सध्या सांगली-मिरजेत कुठलंही गृहोपयोगी प्रदर्शन लागलं की हे मशीन असतंच आणि ते विकताना जे सांगतात त्यातलं एक वाक्य सरळ खोटं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, वेगवेगळ्या चार-पाच नावांनी साधारण हाच डबा विकला जातोय आणि सगळ्यांच्या खोक्यावर तेच छापलेलं असतं.

मशीन म्हणजे भिंतीला अडकवायचा पांढरा प्लास्टिकचा डबा. त्यातनं सिलिकॉनची नळी येते, नळीच्या टोकाला बारीक भोकांचा दगडासारखा गोळा असतो, तो भाजीच्या पातेल्यात सोडायचा आणि टायमर लावायचा. आत हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन तयार होतो आणि बुडबुड्यांमधनं पाण्यात जातो. धाकट्या भाऊजींनी विश्रामबागेतल्या प्रदर्शनातनं आत्यांसाठी घेतलं, साडेसात हजारांच्या आसपास पडलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्तातला आकडा, गेल्या वर्षीपासनं वाढलेलं आहे, आणि हे त्या विक्रेत्याला बोलता बोलता कळलं तसं त्यानं भाऊजींना सांगितलं की दादा, बाजारातल्या पालकात शिसं कॅडमियम असतं ते डायरेक्ट किडनीला लागतं, आपलं मशीन नव्वद टक्के हेवी मेटल काढून टाकतं. आईच्या तब्येतीसाठी म्हटल्यावर कुठला मुलगा नाही म्हणेल. मला राग आलाय तो याचाच आहे.

आधी दोन स्टारचं सांगते. ओझोन जंतू मारतो, यात काही खोटं नाही, पाणी शुद्धीकरणात तो कित्येक वर्षं वापरतात. पावसाळ्यात कोथिंबीर, मेथी सगळी चिखलात माखून येते, कोशिंबिरीसाठी कच्चा कांदा, काकडी, मुळा लागतो, अशा वेळी जंतूंचा भार कमी होत असेल तर चांगलंच आहे. फवारणीच्या औषधांपैकी काही औषधं भाजीच्या वरच्या सालीवर बसलेली असतात, त्यातली थोडीफार ओझोननं मोडतात हेही खरं. मशीनचा आवाज कमी आहे, लाईट फारशी खात नाही, नळी निघते आणि धुता येते. एक मात्र सांभाळा, मशीन चालू असताना जो तिखटसर वास येतो, झेरॉक्सच्या दुकानात यायचा तो, तो ओझोनचाच असतो आणि छातीत जाणं बरं नाही. दमेकरी माणूस घरात असेल तर खिडकी उघडी ठेवून, लांब गॅलरीत लावा. ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात शेवटच्या पानावर होती, विक्रेत्यानं तोंडातनं काढली नाही.

आता तीन स्टार.

डेमो घरी येऊन देतात. आमच्याकडं पोरगा आला, अगदी नम्र, वहिनी वहिनी करत होता, त्याच्यावर माझा काही राग नाही, त्याला कंपनीनं शिकवलं तेच तो बोलला. माझ्याच फ्रिजमधला फ्लॉवर आणि पालकाची एक पेंडी घेतली, काचेच्या भांड्यात पाणी, मशीन सुरू. थोड्या वेळानं वर फेस यायला लागला, आधी पांढरा, मग पिवळट, कडेला हिरवट तवंग धरला, पाणी गढूळ झालं, आणि त्यानं चमच्यानं तो फेस उचलून आत्यांच्या पुढं धरला, "बघा आजी, हे सगळं विष तुमच्या पोटात जात होतं, हा जो पिवळा भाग आहे ना ते हेवी मेटल." मग खिशातनं टीडीएसचं पेन काढलं, आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी मोजून दाखवलं, आकडा वाढलेला, म्हणजे मेटल पाण्यात उतरलं. आत्यांचा चेहरा उतरला. मी बारावीला केमिस्ट्री शिकवते, मला तिथंच बोलायचं होतं पण आलेल्या माणसाला दारात झापायची पद्धत नाही आमच्यात, म्हणून त्याला चहा दिला आणि नंतर माझं मी करून बघितलं.

काय केलं, तर आमच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये पालक आहे, माती आमची, फवारा कधी मारलेला नाही. तो तोडला, नळाखाली नीट धुतला, आणि त्याच भांड्यात तेच मशीन लावलं. फेस आला. तसाच, पिवळट. देठं जास्त चिरलेली असतील तर आणखीन जास्त येतो, कारण पालकात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, रिठ्याला ज्यांच्यामुळं फेस येतो त्याच जातीची, आणि पान तुटलं की ती पाण्यात उतरतात, त्यात खालनं हवेचे बुडबुडे सोडले तर फेस येणारच. पिवळा रंग पानातल्या रंगद्रव्यांचा, मातीचा, धुळीचा. शिसं किंवा कॅडमियम भाजीत असलंच तर किलोमागं मिलिग्रॅमच्या हिशोबात असतं, त्याचा चमचाभर फेस डोळ्याला दिसणं शक्यच नाही. टीडीएसचं पेन पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून वीज किती वाहते तेवढं बघतं, त्यात मीठ कुठलं, कॅल्शियम कुठलं, शिसं कुठलं हे त्याला काही कळत नाही. पानातनं पोटॅशियम उतरलं तरी आकडा वाढतो. पाण्याच्या फिल्टरवाले पूर्वी दोन सळ्या पाण्यात बुडवून करंट सोडायचे आणि लालभडक गाळ काढून दाखवायचे ते आठवतंय का, तो गाळ त्या लोखंडी सळीचाच असायचा. तोच प्रकार आता भाजीवर आलाय.

आणि मुळात ओझोन धातू काढेल कसा? औषध म्हणजे मोठा रेणू, तो फुटतो, मोडतो, त्याचं दुसरं काहीतरी होतं. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. अंगठी आटवली काय आणि बांगडी आटवली काय, सोनं सोनंच राहतं, तसं कॅडमियम उकळा, वाफवा, कुकरच्या पाच शिट्ट्या काढा, ओझोन सोडा, ते तेवढंच राहतं. मशीनवाल्यांना मी मेल केला की तुमचा हेवी मेटलचा टेस्ट रिपोर्ट पाठवा. बरेच दिवस उत्तर नाही, परत फोन केला तेव्हा एक पीडीएफ आली, त्यात जंतूंचं एक पान, दोन कीटकनाशकांचं एक पान, धातूचं पानच नाही. हे मी विचारलं तर कस्टमर केअरची मुलगी म्हणाली मॅडम ते कॉन्फिडेन्शियल आहे. खोक्यावर छापताना कॉन्फिडेन्शियल नव्हतं.

आता भाजीत धातू असतो हे खोटं आहे का? तसं अजिबात नाही, आणि म्हणूनच एवढं लिहितेय. धोका खरा आहे, त्याच्यावर विकलं जाणारं औषध खोटं आहे. कर्नाटक सरकारच्या एम्प्री या पर्यावरण संस्थेनं २०२३ मध्ये बंगळुरातल्या २० दुकानांतनं १० प्रकारच्या भाज्यांचे ४०० नमुने घेतले होते, त्यात शिसं, कॅडमियम, निकेल, लोह मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, आणि त्यात साध्या गाड्यांपासनं मोठ्या सुपरमार्केट आणि ऑरगॅनिक म्हणून विकणाऱ्या दुकानांपर्यंत सगळे होते. शहराच्या सांडपाण्यावर पिकवलेली भाजी हे त्याचं कारण सांगितलं जातं. बंगळूरची गोष्ट बंगळूरची, ते आकडे उचलून सांगलीच्या पालकाला चिकटवायचे नाहीत. पण धातू भाजीत कसा येतो ही रीत सगळीकडं एकच आहे आणि ती समजली की मशीन का नापास ते आपोआप कळतं.

शिसं आणि कॅडमियम हे दोन वेगळे धरा. शिसं जमिनीत मातीला घट्ट धरून बसतं, मुळातनं वर पानात फारसं चढत नाही. पालेभाजीवर जे शिसं सापडतं त्यातलं बरंचसं वरनं पडलेलं असतं, रस्त्याकडेची धूळ, मातीचे शिंतोडे, जुन्या रंगाची पूड, जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथली राख. शिसंवालं पेट्रोल आपल्याकडं २००० साली बंद झालं पण मातीत पडलेलं शिसं कुठं जात नाही, ते तिथंच असतं. हे वरचं शिसं वाहत्या पाण्यानं बऱ्यापैकी जातं, साध्या नळाच्या पाण्यानं, त्याला मशीन लागत नाही. मुळा, गाजर, बीट, बटाट्याची साल काढली की त्याच्यावरची मातीही जाते.

कॅडमियमचं उलट आहे. ते पाण्याबरोबर मुळातनं आत शिरतं, रासायनिक गुणानं जस्ताचा भाऊ आहे त्यामुळं झाड त्याला जस्त समजून घेतं, आणि पानांत नेऊन साठवतं. म्हणून पालेभाज्यांत जास्त, दोडका, भोपळा, ढबू मिरची, वरणा अशा फळ-शेंगभाज्यांत कमी. पानाच्या आत पेशीत बसलेलं कॅडमियम बाहेरनं धुवून निघत नाही, मिठाच्या पाण्यानं नाही, व्हिनेगरनं नाही, हळदीच्या पाण्यानं नाही, ओझोननं नाही. ते येतं कुठनं तर बॅटरी, प्लेटिंग, रंग यांच्या कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या सांडपाण्यातनं, आणि फॉस्फेटच्या खतातनं, कारण फॉस्फेटच्या खडकातच ते थोडं असतं. युरोपनं २०२२ पासनं फॉस्फेट खतात कॅडमियमवर मर्यादा घातली ती याचसाठी.

आपल्या भागापुरती यात एक चांगली आणि एक वाईट गोष्ट आहे. कृष्णाकाठची काळी जमीन अल्कधर्मी, अशा मातीत कॅडमियम बऱ्यापैकी अडकून राहतं, आम्लधर्मी तांबड्या मातीत ते मोकळं सुटतं. पण मिरज, वाळवा, पलूसकडं उसाला पाणी पाजून पाजून ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथं मातीत क्लोराईड वाढतं आणि क्लोराईड कॅडमियमला धरून विरघळतं, मग झाड ते जास्त ओढतं. म्हणजे पाण्याचा अतिरेक नुसता ऊस बसवतो एवढंच नाही, त्याच्या कडेला कुणी मेथी लावली तर तिच्यावरही परिणाम होऊ शकतो. यावर शेतकऱ्यांच्या बैठकीत बोललं पाहिजे, मला तरी कुठं ऐकायला मिळालं नाही.

आणि किडनीचं म्हणाल तर विक्रेता भीती घालताना अर्धं खरं बोलला. कॅडमियम किडनीत जाऊन बसतं आणि निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. जपानात तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचं पाणी गेलं, ते भाताला गेलं, आणि भात खाणाऱ्या बायकांची हाडं मोडायला लागली, किडन्या गेल्या, १९६८ साली तिथल्या सरकारनं तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. जागतिक तज्ज्ञ समितीनं महिन्याला शरीराच्या एका किलोमागं २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही सहन होणारी मर्यादा धरली आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. पालेभाजीला कोडेक्स या जागतिक मानकाची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे, तेव्हा अगदी मर्यादेला टेकलेली पाव किलो पालेभाजी रोज खाल्ली तर दिवसाचा सगळा कोटा त्या एकाच भाजीत संपतो, भात-चपाती वेगळीच. शिशाला तर पोरांसाठी सुरक्षित अशी पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा विषय हलका नाही.

पण आत्यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी भाजीबद्दल जे सांगितलंय ते पोटॅशियमचं आहे, भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकायचं. त्यानं पोटॅशियम कमी होतं. मशीन आल्यावर आत्यांनी उकळायचं बंद केलं होतं, म्हणाल्या मशीननं सगळं निघतंय की! ही खरी नुकसानीची गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलेली कामाची सवय सुटली आणि तिच्या जागी बुडबुडे आले. तीन स्टार कापले त्यातला एक पूर्ण याच्यासाठी आहे.

मग आम्ही आता काय करतो ते लिहिते, कारण नुसतं मशीन वाईट म्हणून कुणाचं पोट भरत नाही.

भाजी घेताना भाव विचारायच्या आधी पाणी विचारते. शिवाजी मंडईत सकाळी ज्या बायका पाट्या घेऊन बसतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणी स्वतःच्या रानातली भाजी आणतात, त्यांना विचारलं की खरं सांगतात. एक मावशी आहेत डिग्रजकडच्या, पोकळा, चाकवत, शेपू, आंबट चुका घेऊन बसतात, पेंडी केळीच्या सोपट्यानं बांधलेली, मुळाला काळी माती तशीच. पहिल्यांदा विचारलं "मावशी, रानाला पाणी कशाचं?" तर माझ्याकडं बघत राहिल्या, म्हणाल्या "आजपातूर कुणी कीड हाय का, वली हाय का एवढंच इचारलंय, पाणी कुणी इचारलं न्हाई." मग सगळं सांगितलं, विहीर आहे, उन्हाळ्यात लिफ्टचं, म्हणजे नदीवरनं मोटरनं उचललेलं पाणी घेतात, रान गावाच्या वरच्या अंगाला आहे, ओढा खालनं जातो आणि ओढ्याला मोटर लावलेले कोण आहेत तेही सांगितलं. एवढी माहिती कुठल्याही सुपरमार्केटच्या थर्माकोलच्या ट्रेवर मला मिळाली नाही. शेरीनाल्याचं सांगलीकरांना मी नव्यानं काय सांगणार, शहराचं सांडपाणी कृष्णेत जाण्यावर आपण किती वर्षं बोलतोय. नुसत्या घरगुती सांडपाण्यात जंतूंचा धोका मोठा, त्यात कारखान्यांचं पाणी मिसळलं की धातूंचा. तेव्हा शहराच्या खालच्या अंगाला नाल्यावर उचललेलं पाणी की वरच्या अंगाचं विहिरीचं, हा प्रश्न कुठल्याही लेबलपेक्षा महत्त्वाचा आहे.

लेबलवरनं आठवलं. 'विषमुक्त', 'ऑरगॅनिक', 'नैसर्गिक' अशा पाट्या लावलेली दुकानं आता विश्रामबागेत आणि मिरजेतही झालीत, त्यातल्या काहींची भाजी खरंच चांगली असते, ताजी असते. पण सेंद्रियचं सर्टिफिकेट हे कसं पिकवलं याचं असतं, फवारा मारला का, रासायनिक खत घातलं का. भाजीत कॅडमियम किती हे ते सांगत नाही. सेंद्रिय खतालासुद्धा धातूची मर्यादा असते, आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम इतकी मर्यादा दिली आहे, कारण कचऱ्यापासनं केलेल्या कंपोस्टमध्ये सेल, रंग, पत्रा सगळं येऊ शकतं. तेव्हा दुकानदाराला विचारा की माती आणि पाणी कधी तपासलं, रिपोर्ट आहे का. ज्याच्याकडं आहे तो खुशीनं दाखवतो.

रिपोर्ट बघायचा कसा तेही सांगते, यात भलीभली माणसं फसतात. लॅब एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी आपल्याकडची राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली हवी आणि ती मान्यता धातूंच्या तपासणीसाठी आहे का ते बघायचं. भाजी नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवतात आणि आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रावर मोजतात, घरी पट्टी बुडवून हे होत नाही. आणि आकडा ओल्या वजनावर आहे की वाळलेल्या, हे रिपोर्टवर लिहिलेलं असलंच पाहिजे. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळं तोच पालक वाळवून मोजला तर किलोमागचा आकडा दहापट किंवा जास्त दिसतो, आणि मर्यादा सगळ्या ओल्या भाजीच्या असतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कित्येक घाबरवणाऱ्या आकड्यांत हे सांगितलेलंच नसतं.

सामान्य माणसानं लॅबला भाजी देणं जड वाटतं, पण अन्न सुरक्षा कायदा २००६ मध्ये कलम ४० आहे, घेणाऱ्यानं फी भरून अन्न विश्लेषकाकडनं तपासून घ्यायची सोय त्यात आहे, विकत घेताना दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि माल नियमात बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. मोठ्या दुकानांना, मेस चालवणाऱ्यांना, शाळांना हे करायला काय हरकत आहे.

बाकी घरात साध्या गोष्टी. पालेभाजी मुळं आणि खालचे मातकट देठ काढून आधी एका पातेल्यात बुडवून माती खाली बसू द्यायची, पाणी ओतून न देता भाजी वर उचलून घ्यायची, मग नळाखाली. फवाऱ्यासाठी खाण्याचा सोडा बरा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात २०१७ साली सफरचंदावर तपासलं होतं, सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची औषधं चांगली निघाली, आत मुरलेली नाही निघाली. दहा-वीस रुपयांच्या सोड्यात हे होतं. रोज एकच पालेभाजी खायची नाही, आज मेथी, उद्या दोडका, परवा वांगं, आणि घेणारीण एकच धरायची नाही, दोन-तीन ठिकाणची भाजी आणायची म्हणजे एका रानाचा दोष रोज पोटात जात नाही. पालेभाजी बंद मात्र अजिबात करू नका, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं कॅडमियम शरीर जास्त ओढून घेतं, त्यामुळं भाजीला घाबरून भाजी सोडणारीला धोका वाढतो. आंबट चुका, अंबाडी, टोमॅटोचं सार जुन्या जर्मनच्या पातेल्यात शिजवू नका, भंगार वितळवून केलेल्या ॲल्युमिनियममधनं आंबटाबरोबर शिसं उतरू शकतं. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर आधी ती, तंबाखूचं पान कॅडमियम ओढण्यात फार पुढं आहे, ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम असतं. आमच्या मामांना हे सांगितल्यावर त्यांनी विडी कमी केलीय, पूर्ण सुटली नाही अजून.

हळदीचं एक सांगते कारण सांगलीत राहून हळदीबद्दल न बोलणं बरोबर नाही. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग लावायचे. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, सरकारनं गिरण्यांवर जाऊन दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. बायकांनी घरी हळद धुवून ते झालं नाही, जिथं घालतात तिथं बंद केलं म्हणून झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव टिकवायचं असेल तर आपल्याकडंही व्यापाऱ्यांनी शिशाचा रिपोर्ट पोत्याबरोबर द्यायची सवय लावली पाहिजे, आणि भाजीच्या बाबतीत नाल्याचं पाणी रानात जायच्या आधी थांबलं पाहिजे. भाऊजींचे साडेसात हजार तिथं काही करू शकत नाहीत.

तर मशीन घ्यायचं की नाही. कोशिंबीर, सॅलड रोज लागतं, घरात लहान बाळ किंवा केमो चाललेला माणूस आहे आणि जंतूंसाठी म्हणून घेताय तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि हेवी मेटलसाठी एक रुपया जास्त देऊ नका. किडनीसाठी म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊच नका. आमचं परत घेतलं नाही, डेमो झाल्यावर रिटर्न नाही म्हणाले, ही अट पावतीच्या मागं होती. खोट्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर करता येते, आम्ही खोक्याचा आणि त्या पीडीएफचा फोटो जोडून केली आहे, उत्तर आलं की इथंच खाली टाकेन. आत्यांची भाजी परत उकळून पाणी फेकून चालू आहे, मशीन गणपतीत कोथिंबिरीला काढू.

कुणाकडं अशा कुठल्याही मशीनचा धातू कमी झाल्याचा रिपोर्ट असेल, लॅबचं नाव, धुवायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा, ओलं वजन की वाळलेलं हे सगळं असलेला, तर नक्की टाका. मी नीट वाचेन आणि बरोबर असेल तर स्टार वाढवेन.